तारावाला जायचंय? बेसो बेटावरच्या युद्धखुणा पाहण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे तारावा नेमकं कुठे आहे?

पॅसिफिकच्या मधोमध, विषुववृत्ताच्या जेमतेम दीड अंश उत्तरेला. देश किरिबाटी, पण तिथली माणसं त्याला ‘किरिबास’ म्हणतात. १२ जुलै १९७९ ला ब्रिटिशांकडून स्वातंत्र्य मिळण्याआधी हा भाग गिल्बर्ट बेटं म्हणून ओळखला जायचा. ३३ बेटांचा हा देश लाखो चौरस किलोमीटर समुद्रावर विखुरलाय, जमीन मात्र सगळी मिळून ८११ चौरस किलोमीटर.

तारावा हे कंकणद्वीप आहे. म्हणजे डोंगर नाही, नदी नाही. प्रवाळाच्या रीफवर साचलेल्या वाळूची एक अरुंद कड आहे, तिच्या आतल्या बाजूला शांत, उथळ लगून आणि बाहेर खोल समुद्र. दक्षिणेकडची कड म्हणजे दक्षिण तारावा, तीच राजधानी. तिच्या नैऋत्य टोकाला बेसो हे बेट आहे. नकाशावर त्याचं स्पेलिंग बघून ‘बेटिओ’ वाचाल, पण टॅक्सीवाल्याला ‘बेसो’च सांगा. युद्धाचं जे काही उरलंय ते बहुतेक या एका बेटावर आहे.

तिथे झालं तरी काय होतं?

२० ते २३ नोव्हेंबर १९४३ या ७६ तासांत बेसोवर अमेरिकन मरीन (समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणारे सैनिक) आणि जपानी नौदलाची तुकडी यांच्यात लढाई झाली. बेट किती मोठं? लांबी तीनेक किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त ८०० मीटर. एवढ्याशा जागेत जपान्यांच्या बाजूला साधारण ४,७०० माणसं होती. त्यातले सैनिक निम्म्याहून थोडे जास्त, बाकीचे बांधकामाला आणलेले मजूर, आणि मजुरांत निम्म्याहून अधिक कोरियन. लढाई संपली तेव्हा त्यांच्यातले जिवंत हाती लागले १४६. त्यांपैकी जपानी फक्त १७, उरलेले १२९ कोरियन. अमेरिकेचे एक हजाराहून अधिक जण गेले आणि दोन हजारांच्या वर जखमी झाले.

याची सुरुवात थोडी आधीची. ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकेच्या एका छोट्या तुकडीने पाणबुड्यांतून येऊन उत्तरेकडच्या बुटारिटारी बेटावर छापा घातला. त्या छाप्याने फार काही साधलं नाही, पण जपान सावध झालं आणि त्याने बेसोवर धावपट्टी, काँक्रीटचे बंकर, माडाच्या ओंडक्यांची ठाणी असा किल्लाच उभारला. बेसोच्या मूळ रहिवाशांना जपान्यांनी तिथून हलवलं होतं. बेट त्यांचं, युद्ध दुसऱ्यांचं. जाताना एवढं डोक्यात असू द्या.

लढाईच्या गोष्टीत भरती-ओहोटीचा विषय सारखा का निघतो?

कारण पहिल्या दिवशीची बहुतेक माणसं त्यापायी मेली. आणि कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

मरीनना घेऊन येणाऱ्या होड्यांना रीफवरून पार व्हायला साधारण चार फूट पाणी हवं होतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ते मिळालं असतं. पण हल्ल्याची तारीख पडली कार्तिक वद्य अष्टमीच्या सुमाराला, म्हणजे भांगाच्या दिवसांत. भांगाला भरती धड चढत नाही आणि ओहोटी धड उतरत नाही, हे आपल्याकडचा कुठलाही तांडेल सांगेल. त्यातच चंद्र त्या दिवसांत पृथ्वीपासून सर्वांत लांबच्या बिंदूजवळ होता, त्यामुळे भांग आणखी ढिला. १९८७ साली डोनाल्ड ओल्सन या भौतिकशास्त्रज्ञाने गणित मांडून हे दाखवून दिलं. गिल्बर्टमध्ये अनेक वर्षं राहिलेल्या मेजर फ्रँक हॉलंड यांनी तर हल्ल्याआधीच धोक्याची सूचना दिली होती. अधिकाऱ्यांनी ती ऐकली, पण तारीख बदलली नाही.

पहिल्या तीन लाटा साखळी-पट्ट्यांवर चालणाऱ्या उभयचर गाड्यांतून आल्या, त्या रीफ ओलांडून गेल्या. मागून येणाऱ्या होड्या रीफच्या कडेवर अडकल्या. माणसं उतरली आणि छातीभर पाण्यातून सुमारे अर्धा किलोमीटर चालत निघाली, समोरून मशिनगनचा मारा चालू असताना. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाच हजार उतरले, त्यांतले दीड हजार मेलेले किंवा जखमी.

मग जायला कोणते दिवस धरावेत?

वरच्या उत्तराच्या अगदी उलटे. तुम्हाला ओहोटी खोल उतरलेली हवी, म्हणजे अमावस्या किंवा पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस. उधाणात भरती जेवढी वर चढते, तेवढीच ओहोटीला रीफ उघडी पडते, आणि पाण्यातले गंजलेले अवशेष तेव्हाच नीट दिसतात. भांगात गेलात तर लांबून एखादं लोखंडी टोक दिसेल, त्यावर समाधान मानावं लागेल. विमानाचं तिकीट काढायच्या आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघा, आणि मग तारावाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक. लोक नेमकं उलटं करतात.

हवा वर्षभर सारखीच, तिशीच्या आसपास आणि दमट. एल निनोच्या वर्षी पाऊस फार, ला निनाच्या वर्षी दुष्काळ. आपल्या मान्सूनशी त्याचा मेळ घालायला जाऊ नका.

भारतातून पोचायचं कसं?

थेट काही नाही. सोपा रस्ता फिजीतून. मुंबईहून सिंगापूर किंवा हाँगकाँग, तिथून फिजी एअरवेजने नांदी, आणि नांदीहून तारावाच्या बोनरिकी विमानतळावर. शेवटचा टप्पा साधारण तीन तासांचा. नाउरू एअरलाइन्सचं जाळं ब्रिस्बेनच्या बाजूने येतं, पण त्यासाठी ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो.

आठवड्यात मोजकीच विमानं असतात आणि ती रद्द होतात किंवा पुढे ढकलली जातात. परतीच्या प्रवासात नांदीला निदान दोन दिवस मोकळे ठेवा. नांदीला उतरून त्याच संध्याकाळी सिंगापूरचं विमान धरण्याचा बेत कागदावरच बरा दिसतो.

बोनरिकीची धावपट्टीही युद्धातलीच, अमेरिकनांनी लढाईनंतर बांधलेली. तेव्हा तिचं नाव मलिनिक्स फील्ड होतं. म्हणजे तुम्ही पहिली युद्धखूण विमानातून पाय खाली ठेवायच्या आधीच पाहिलेली असते.

व्हिसा?

फिजीसाठी भारतीयांना आगाऊ व्हिसा लागत नाही. किरिबाटीचे नियम मात्र तिकीट काढण्याआधी त्यांच्या इमिग्रेशन खात्याला ईमेल करून लेखी विचारा आणि आलेलं उत्तर छापून जवळ ठेवा. विमानतळावरच्या काउंटरवर किरिबाटीचं नाव पहिल्यांदाच ऐकणारे कर्मचारी भेटतात, तेव्हा तो कागद कामाला येतो. परतीचं तिकीट दाखवावं लागतं. तिथल्या भारतीय पासपोर्टधारकांचं काम फिजीची राजधानी सुवा इथल्या भारतीय उच्चायुक्तालयातून चालतं. तारावात भारताचं स्वतंत्र कार्यालय असेल असं गृहीत धरून चालू नका.

बेसोवर नक्की काय बघायला मिळतं?

सगळ्यांत आधी: हे संग्रहालय नाही. दारात तिकीट नाही, दोऱ्या लावलेल्या नाहीत, बहुतेक ठिकाणी पाटीही नाही. बेसोवर आज अठरा हजारांच्या आसपास लोक राहतात आणि बेट दीड-पावणेदोन चौरस किलोमीटरचं. धारावीची आठवण यावी अशी दाटी. बंकर या वस्तीच्या पोटात आहेत. कुणाच्या परसात, कुणाच्या डुकरांच्या खुराड्याला लागून.

किनाऱ्यावरच्या तोफा पहिल्यांदा बघा. आठ इंची व्यासाच्या, इंग्लंडच्या व्हिकर्स कंपनीच्या. जपान्यांनी त्या सिंगापूर जिंकल्यावर तिथून उचलून आणल्या, असं तुम्हाला तिथला माणूसही सांगेल आणि जुनी पुस्तकंही सांगतील. तसं नाही. ब्रिटननेच त्या १९०५ च्या सुमाराला जपानला रीतसर विकल्या होत्या. नैऋत्येच्या टेमाकिन टोकावरची तोफ अजून समुद्राकडे तोंड करून आहे. जवळ गेलात तर गंजाचे पापुद्रे दिसतात, तळहाताएवढे, हात लावला तर सुटून येतील असे. लावू नका.

दुसरं म्हणजे बेसोवरच्या जपानी फौजेचे प्रमुख रिअर ॲडमिरल केजी शिबाझाकी यांचा मुख्य बंकर. दुमजली, काँक्रीटचा, घरांच्या गराड्यात. भिंतींवर गोळ्यांचे आणि तोफगोळ्यांचे खळगे आहेत, काही ठिकाणी आतली सळई उघडी पडलीय. नौदलाचा तासन्‌तास मारा झेलूनही ही वास्तू ढासळली नाही, एवढ्यावरून तिच्या भिंतींची जाडी कळावी. दहा लाख माणसं शंभर वर्षं लढली तरी तारावा पडणार नाही, अशी शेखी शिबाझाकींच्या नावावर सांगतात. ते स्वतः पहिल्याच दिवशी मारले गेले, आणि तेही बंकरच्या बाहेर, जागा बदलत असताना.

मग लगूनच्या बाजूचा किनारा, लढाईच्या नकाशावर ज्याला रेड बीच १, २, ३ अशी नावं होती. ओहोटीला रीफवर शर्मन रणगाड्याचा सांगाडा आणि उभयचर गाड्यांचे तुकडे दिसतात. चालत जाता येतं, पण पायात जाड तळव्याचे बूट हवेतच. प्रवाळाची जखम या हवेत लवकर चिघळते. पाणी परत चढायला लागलं की लगेच मागे फिरा, फोटो राहिला तर राहिला.

एवढं सगळं निवांत पाहायला एक दिवस पुरतो. ओहोटीची वेळ जुळली नाही तर दोन.

स्मारकं कोणाकोणाची आहेत?

अमेरिकन मरीनचं आहे, जपानी आणि कोरियन मृतांची आहेत. बहुतेक पर्यटक मरीनच्या स्तंभापाशी फोटो काढून निघतात. मला विचाराल तर बेसोच्या दफनभूमीतलं टेहळ्यांचं स्मारक चुकवू नये.

न्यूझीलंडने गिल्बर्ट बेटांवर रेडिओ चालवणारे आणि समुद्रावर नजर ठेवणारे लोक नेमले होते. त्यांतले बरेचसे नि:शस्त्र, काही तर पोस्टखात्यातले तारवाले. जपान्यांनी पकडल्यावर त्यांना बेसोवर कैदेत ठेवलं होतं. १५ ऑक्टोबर १९४२ ला १७ न्यूझीलंडकर टेहळे आणि ५ नागरिक अशा २२ जणांचा शिरच्छेद झाला. मोठ्या लढाईच्या आधी वर्षभर घडलेली ही गोष्ट, म्हणून लढाईच्या वर्णनांत तिला जेमतेम एक ओळ मिळते.

जमिनीखाली अजून माणसं आहेत म्हणतात, खरं का?

खरं. लढाईनंतर मरीनना घाईघाईने जागोजागी पुरलं, मग धावपट्टी वाढवताना, बराकी बांधताना खुणा हलल्या, आणि शेकडो जणांचा ठावठिकाणाच राहिला नाही. २०१५ मध्ये हिस्टरी फ्लाइट या अमेरिकन संस्थेला बेसोवर एक हरवलेली दफनाची रांग सापडली. त्यात लेफ्टनंट अलेक्झांडर बॉनीमन होते, मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर मिळालेले. ७२ वर्षांनी त्यांचे अवशेष घरी टेनेसीला पोचले. २०२३ च्या डिसेंबरात एका कोरियन मजुराचे अवशेषही डीएनए जुळवून दक्षिण कोरियाला परत नेण्यात आले. त्या मजुराला युद्धाशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला नेलं होतं.

विहीर, पाइपलाइन, घराचा पाया खणताना अजूनही हाडं वर येतात. तुमच्या नजरेला असं काही पडलं तर हात लावू नका, फोटो काढून इंटरनेटवर टाकू नका, पोलिसांना सांगा.

जुनी काडतुसं, बटणं, तुकडे आठवण म्हणून आणता येतील?

नाही. आणि हे नीतीचं नंतर, आधी जिवाचं. न फुटलेला दारूगोळा बेसोवर अजून सापडतो, परदेशी पथकं येऊन तो निकामी करतात. ऐंशी वर्षं खाऱ्या हवेत गंजलेल्या गोळ्याचा भरवसा कोणी द्यायचा? मुलं एखादी गोष्ट हातात घेऊन विकायला आली तरी घेऊ नका. एकदा पैसे दिलेत की ते पोर उद्या आणखी खोल खणायला जाईल. शिवाय विमानतळाच्या एक्स-रेमध्ये काडतूस दिसलं की पुढचं विमान विसरा.

परवानगी कोणाची घ्यायची?

ज्याच्या अंगणात बंकर आहे त्याची. सरकारी पास वगैरे शोधत बसू नका. ‘मौरी’ म्हणा, तो नमस्कार. मग बंकरकडे बोट दाखवून विचारा. बहुधा हसून आत बोलावतात. काहींना थोडे पैसे अपेक्षित असतात, द्यावेत, जागा त्यांची आहे. निघताना ‘को राब्वा’, म्हणजे आभार.

सगळ्यात सोयीचं म्हणजे उतरलात त्या लॉजवर सांगून बेसोतलाच एखादा वाटाड्या घेणं. कोणतं कुटुंब कुठल्या बंकरचं, कुठे मयत आहे म्हणून आज जाऊ नये, हे त्यालाच ठाऊक. रविवारी सकाळी बेत नको, अख्खं गाव चर्चमध्ये असतं.

कपड्यांचं काय?

बायकांनी मांड्या झाकणारे कपडे घालावेत, पुरुषांनी वस्तीत उघड्या अंगाने फिरू नये. पोहण्याच्या पोशाखात गावातून चालणं वाईट दिसतं. मनेआबा म्हणजे गावाची सभेची मोठी छपरी. तिथे बोलावलं तर चपला बाहेर, मांडी घालून खाली बसायचं, उभ्या उभ्या बोलायचं नाही. आपल्याला हे अवघड जाऊ नये.

राहायचं कुठे, फिरायचं कसं, पैसे कुठले?

चलन ऑस्ट्रेलियन डॉलर. दक्षिण तारावातल्या बायरिकी, बेसो आणि बिकेनिबेऊ इथे बँक आणि एटीएम आहेत, पण यंत्र बंद असण्याची तयारी ठेवा आणि रोकड जवळ बाळगा. कार्ड फार थोड्या ठिकाणी चालतं. विजेचे पिन ऑस्ट्रेलियन पद्धतीचे, तिरके.

हॉटेल म्हणावं अशा जागा मोजक्या आणि साध्या. बिकेनिबेऊचं ओटिंटाई त्यातल्या त्यात मोठं. बेसोवर आणि बायरिकीलाही छोटे लॉज आहेत. फक्त युद्धखुणांसाठी जात असाल तर बेसोवरच राहा, पहाटेची ओहोटी गाठता येते.

विमानतळ एका टोकाला, बेसो दुसऱ्या टोकाला, मध्ये तीसेक किलोमीटरचा एकच रस्ता. त्यावर मिनिबस दिवसभर धावतात, गच्च भरलेल्या, गाणी मोठ्याने लावलेल्या. बायरिकी आणि बेसो यांच्यामध्ये समुद्रातून जाणारा बांध आहे. तो जपानच्या मदतीने १९८७ मध्ये झाला, नाव निप्पॉन कॉजवे, आणि २०१९ मध्ये त्याची पुन्हा बांधणी झाली. जपान्यांनी जिथे किल्ला बांधला तिथेच पुढे रस्ता बांधून दिला, यावर स्थानिक मंडळी फारशी भाष्य करत नाहीत. रस्ता चांगला आहे म्हणतात.

खायला काय मिळतं? शाकाहाऱ्याचं कसं होईल?

मासा आणि भात, भात आणि मासा. ट्यूना ताजा आणि उत्तम. रीफवरचे मोठे मासे मात्र जपून, काहींत सिग्वाटेराचं विष असतं, ते शिजवल्याने जात नाही. कोणता मासा कुठला आहे हे यजमानाला विचारून खा.

शाकाहाऱ्याचे हाल होतात, खोटं कशाला सांगू. भाजीपाला बाहेरून येतो आणि महाग असतो. पण निरफणस भरपूर. त्याचे काप करून मालवणकडे तळतात तसे तळता येतात. भोपळा मिळतो, नारळ कुठेही. माडावरून काढलेला ताजा रस म्हणजे ते कारेवे, आपल्या नीरेचा भाऊ. तोच आटवून काकवीसारखा काळसर पाक करतात, भातावर घालून बघा. घरून मेतकूट, तयार उपम्याची पाकिटं न्या आणि विमानतळावर फॉर्ममध्ये खाण्याच्या वस्तू आहेत असं स्पष्ट लिहा. बिया, ताजी फळं, दुधाचे पदार्थ नेऊ नका, फिजीतच काढून घेतील.

तब्येतीची काय काळजी घ्यावी?

पाणी, पाणी आणि पाणी. जमिनीखाली गोड्या पाण्याचा पातळ थर आहे, त्यावर एवढी वस्ती, आणि तो दूषित झालाय. बाटलीचं किंवा उकळलेलंच प्या, दात घासायलासुद्धा. दक्षिण तारावाच्या लगूनमध्ये पोहू नका, फोटोत कितीही निळं दिसो, सांडपाणी तिथेच जातं. मलेरिया नाही, डेंग्यू आहे. नावेरेवेरेला मुख्य रुग्णालय आहे, पण गंभीर आजारी माणसाला विमानाने बाहेर न्यावं लागतं. तो खर्च भरणारा विमा काढल्याशिवाय निघू नका.

तारावाच का? पॅसिफिकमधली ‘चूक’ (Chuuk) नावाची बेटं किंवा वेक बेट का नाही?

‘चूक’ला युद्धातली जहाजं समुद्राच्या तळाशी आहेत, डायव्हिंग येत असेल तर तिकडेच जा. वेकवर पर्यटकांना प्रवेश नाही. क्वाजालिन बेट अमेरिकी लष्कराच्या ताब्यात आहे. तारावाला जमिनीवरून चालत, विशेष परवान्याशिवाय हे सगळं बघता येतं.

बेसोशिवाय आणखी काही?

उत्तर तारावाचं बुआरिकी गाव. बेसो पडल्यावर निसटलेल्या जपानी सैनिकांशी शेवटची चकमक २७ नोव्हेंबर १९४३ ला तिथे झाली. तिथे बघायला अवशेष जवळजवळ नाहीत, पण स्वच्छ लगून आहे, शांतता आहे, आणि बेसो लढाईआधी कसं दिसत असेल याचा अंदाज येतो. बुटारिटारीला जायला देशांतर्गत छोटं विमान लागतं, त्याच्या वेळेवर अवलंबून राहून परतीचं तिकीट काढू नका. बिकेनिबेऊचं ते उमानिबोंग हे छोटं संग्रहालय तासाभराचं, नारळाच्या काथ्याचं चिलखत बघण्यासाठी जा.

मुलांना नेलं तर चालेल?

दहा-बारा वर्षांच्या पुढचं, सांगितलेलं ऐकणारं मूल असेल तर चालेल. दिसेल ती वस्तू उचलून बघणारं असेल तर त्याला नांदीच्या हॉटेलात आजीबरोबर ठेवा.